मोडलेलं चाक कुणाचं

"ही चार, आणि त्या पोत्यात पाचवं. तुम्ही निवांत बघा," असं म्हणून शशिकलाबाई इंगवल्यांनी गॅरेजचा दिवा लावला आणि मी मोटारीच्या चाकांकडे बघत उभा राहिलो. माझ्या पिशवीत कसोटीचा दगड होता, अ‍ॅसिडच्या दोन बाटल्या होत्या, भिंग, बारीक मापं घ्यायचा व्हर्नियर आणि दागिने तोलायचा छोटा तराजू होता. त्या तराजूत फार तर चाकाचा एक नट मावला असता.

"वहिनीसाहेब, काहीतरी घोटाळा झालाय," मी म्हणालो. "मी सोनार आहे."

"माहीत आहे की. म्हणून तर बोलावलं."

मी कोल्हापूरच्या गुजरीतल्या सराफांपैकी एक, पोतदार. बँकेत कुणी सोनं तारण ठेवायला आणलं की ते कितपत खरं, हे सांगायचं काम त्या काळी माझ्याकडे होतं. त्यात मी कुणाच्या बापाचं ऐकत नसे आणि तसा माझा लौकिकही होता. पण वाहन म्हणाल तर आयुष्यभर एक लूना चालवलेली, तीही ढकलत जास्त. इंगवल्यांच्या बंगल्यावरून 'मोल करायचं आहे, हत्यारं घेऊन या' असा निरोप आला, तेव्हा मी जुने दागिने डोळ्यांसमोर ठेवून आलो होतो. बाई बंगला विकून मुलीकडे बडोद्याला राहायला निघाल्यात हे सगळ्या गावाला ठाऊक होतं. दिवाळी तोंडावर आलेली. अशा वेळी लोक मोड करतात, त्यात नवल नाही.

चाकं मात्र सुरेख होती. मोटारीला कंपनीकडून येतात तसली पत्र्याची नव्हेत. अ‍ॅल्युमिनियमची, ओतीव, मधल्या भागात फुलाच्या पाकळ्यांसारख्या खिडक्या ठेवलेली. बाईंचे यजमान जयसिंगराव मोटारींचे भलते शौकीन होते. जुन्या फियाटला हौसेनं बसवायला त्यांनी ही परदेशी चाकं मुंबईत बोटीवरच्या कुणा अधिकाऱ्याकडून मिळवली होती. फियाट भंगारात गेली त्याला तीस-बत्तीस वर्षं झाली. चाकं तेवढी राहिली.

बाईंची मुलगी ऊर्मिला आईला न्यायला आलेली होती. तिनं मला मुद्दा समजावून दिला. पुण्याला एक गृहस्थ जुन्या फियाट पुन्हा उभ्या करतात. त्यांना ही चाकं हवीत. पण फोटो बघून त्यांनी कळवलं, की यातली सगळी अस्सल दिसत नाहीत, काही नक्कल आहेत. अस्सल असतील त्यांना ते म्हणाल ती किंमत देतील, नकलेला मोडीचा भाव. कुठली कुठली ते कोल्हापुरातल्या एखाद्या भरवशाच्या माणसाकडून ठरवून घ्या, असं त्यांचं म्हणणं.

"नक्कल आहेतच," बाई म्हणाल्या. "यांना तीनच मिळाली होती. उरलेली दोन हिंदुरावदादांनी ओतून दिली."

हिंदुराव टिपुगडे म्हणजे उद्यमनगरातले फाउंड्रीवाले. आता त्यांची माणसं तीन पाळ्यांत काम करतात, पण तेव्हा एक भट्टी आणि एक लेथ एवढाच पसारा होता. जयसिंगरावांचे ते जिवलग मित्र, आणि शशिकलाबाईंचे मानलेले भाऊ. बाईंना सख्खा भाऊ नव्हता. लग्न होऊन या घरात आल्यापासून दर भाऊबीजेला त्या हिंदुरावांना ओवाळायच्या, हेही गावाला ठाऊक. पुढे ते का बंद पडलं, तेही. पन्हाळ्याच्या घाटात हौशी लोकांनी मोटारींची शर्यत ठेवली होती. वळणावर जयसिंगरावांच्या गाडीचं पुढचं चाक फुटलं आणि गाडी खाली गेली. पहिल्यांदा तिथं पोचले ते हिंदुराव. चाकाचे तुकडे हातात घेऊन ते सगळ्यांसमोर म्हणाले, "माझं चाक मोडलं." त्या दिवसापासून बाईंनी त्यांना ओवाळलं नाही.

मी म्हटलं, मग अवघड काय आहे. दोन ओतली, त्यातलं एक मोडलं. म्हणजे या चारांत तीन अस्सल आणि एक नक्कल. ती एक शोधून द्यायची, झालं.

"ते पुण्याच्या माणसासाठी," बाई म्हणाल्या. "विक्री होवो नाहीतर न होवो. मला पोत्यातलं चाक कुणाचं ते सांगा. दादांचं की परदेशी. मी गाव सोडून चाललेय. ज्या माणसाला इतकी वर्षं दारात उभं केलं नाही, त्याचा गुन्हा होता की नव्हता, हे कळल्याशिवाय जायचं नाही मला."

"पण त्यांनी स्वतःच तर सांगितलंय."

"सांगितलंय. म्हणूनच विचारतेय."

मला या वाक्याचा अर्थ लागला नाही. श्रीमंताघरची बाई, म्हातारपणी काहीतरी खूळ घेतलं असेल, असं मनात म्हणत मी धोतराचा काचा आवरला आणि फरशीवर बसलो. ऊर्मिलानं बसायला पाट आणून दिला, तेवढी तिला पोच होती.

पहिला अर्धा तास मी नुसता गोंधळलो. चाकांवर परदेशी अक्षरं होती, पण ती चारही चाकांवर होती. हिंदुरावांनी अस्सल चाकच वाळूत दाबून त्याच्यावरून साचा घेतला असणार, मग अक्षरं येणारच. एक चाक जरा काळपट वाटलं म्हणून त्याला नक्कल ठरवलं, तर पुसल्यावर ते शेजारच्यापेक्षा चकचकीत निघालं. दगडावर घासून बघायची सोय नाही, अ‍ॅसिड लावून काय बघणार. मी भिंग लावून अक्षरांच्या कडा बघितल्या, काही बोथट वाटल्या, पण मोटारीच्या चाकावर तीस वर्षांची धूळ-माती बसल्यावर कुणाच्याही कडा बोथट होतील. मला स्वतःचाच राग यायला लागला. मी इथं आलोच कशाला.

इतक्यात फाटकाशी गाडी थांबली आणि हिंदुराव टिपुगडे आले. बाईंनीच त्यांना बोलावलं होतं. एवढा मोठा कारखानदार, पण गॅरेजच्या उंबऱ्याबाहेर चपला काढून उभा राहिला. बाई त्यांच्याकडे न बघता म्हणाल्या, "आत या." ते आत आले आणि भिंतीला टेकून उभे राहिले. ऊर्मिलानं खुर्ची दिली ती त्यांनी घेतली नाही, मग बाईच तिच्यावर बसल्या.

"काय ओ पोतदार, आता चाकाला पण कस लावायला लागला काय?" त्यांनी हसून विचारलं. हसणं खोटं होतं, एवढं मला ते धातू नसूनही कळलं.

त्याच वेळी मला बांगड्या आठवल्या. एखाद्या बाईची बांगड्यांच्या जोडीतली एक हरवते. उरलेलीवरून साचा घेऊन दुसरी ओतून द्या म्हणते. दिली की चार दिवसांत तणतणत परत येते, की ही हातात घट्ट होते, सोनं चोरलंत. सोनं कुणी चोरलेलं नसतं. ओतलेला धातू गार होताना आकसतो, म्हणून दागिन्यावरून दागिना काढला की तो मुळापेक्षा नखभर बारीक येतो. हे समजावता समजावता माझी अर्धी हयात गेली आहे.

सोनं आकसतं, मग अ‍ॅल्युमिनियम काय वेगळं करणार? पण चाकाचा घेर मोजून उपयोग नव्हता. टायर बसायची जागा, नटाची भोकं, हे सगळं हिंदुरावांनी लेथवर नेमकं करून घेतलेलं असणार, नाहीतर चाक गाडीला बसलंच नसतं. जिथं हत्यार लागायचं कारण नाही अशी जागा हवी होती. ती म्हणजे त्या पाकळ्यांच्या खिडक्या. मी व्हर्नियर काढला आणि एकेका चाकाची एकेक खिडकी मोजायला लागलो. हिंदुराव भिंतीपासून थोडे पुढे आले.

दोन चाकांच्या खिडक्या मोठ्या भरल्या. दोन चाकांच्या लहान. फरक पुरा एक मिलिमीटरही नव्हता, पण सगळ्या खिडक्यांत सारखा होता.

मला वाटलं माझीच चूक झाली. तीन आणि एक यायला हवे होते, दोन आणि दोन कसे? मी चष्मा पुसून पुन्हा मोजलं. पुन्हा तेच. मग पोतं उपसलं. पाचव्या चाकाचे तीन तुकडे होते, त्यातल्या एकाला एक खिडकी अख्खी राहिली होती. ती मोजली. मोठी.

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला, आणि खरं सांगतो, मला अतिशय आनंद झाला. मी उठून उभा राहिलो.

"वहिनीसाहेब, हिंदुरावांनी दोन चाकं ओतली. ती दोन्ही ही बघा, इथं धड आहेत. मोडलं ते परदेशी. यांच्या अंगावर उगीच आळ आला."

मला वाटलं होतं, हिंदुराव माझा हात हातात घेतील. बाई डोळ्यांना पदर लावतील. ऊर्मिला पेढे आणायला माणूस पाठवेल. त्यातलं काहीच झालं नाही. बाई पोत्याकडे बघत राहिल्या आणि हिंदुराव रागानं लाल झाले.

"तीन ओतली होती मी," ते म्हणाले.

"दोन," बाई हळू आवाजात म्हणाल्या.

"तीन. तुम्हाला ठाऊक नसंल ताई. एक मागनं केलं होतं."

मी म्हटलं, दोन असोत की तेरा असोत, हा तुकडा मोजून बघा. तुमच्या ओतलेल्या चाकाला इतकी मोठी खिडकी येणार नाही. तर म्हणतात, फुटताना ताणला असेल. ओतीव अ‍ॅल्युमिनियम ताणतं म्हणे. उद्यमनगरात ज्याच्या हाताखाली शंभर माणसं ओतकाम करतात तो मनुष्य माझ्यासारख्याला हे सांगत होता. मी म्हटलं, तुम्ही मला काय समजलात? मग ते माझ्या व्हर्नियरवर घसरले. तो जुना आहे, त्याचं माप चुकतं, पितळी तोळे मोजणाऱ्यानं मोटारीच्या भानगडीत पडू नये, असं बरंच काही. माझाही तोल गेला. मी म्हटलं, अहो, तुम्ही सुटलात, निर्दोष सुटलात, आणि माझ्याशी कसले भांडता? आयुष्यात पितळेला सोनं म्हणा म्हणून माझ्या पाया पडलेले खूप बघितले. पण आपल्याच सोन्याला पितळ म्हणा म्हणून भांडणारा हा पहिलाच माणूस. मला काही समजेनासं झालं होतं, आणि समजलं नाही की मी ओरडतो, तो माझा स्वभाव आहे.

तुकडा अजून माझ्या हातात होता. रागाच्या भरात तो मी हिंदुरावांच्या नाकासमोर धरला तेव्हा माझी बोटं त्याच्या मागच्या बाजूला एका खरखरीत रेघेवरून गेली. मी उलटून बघितलं. आधी कधीतरी पडलेली चीर वेल्डिंग करून बुजवली होती. चाक नेमकं त्या रेघेवर उललं होतं.

"हे चिरलेलं चाक गाडीला कुणी बसवलं?" मी विचारलं.

सरळ प्रश्न होता. हिंदुरावांनी माझ्याकडे अशा नजरेनं बघितलं की मी तो गिळून टाकला असता तर बरं झालं असतं. पण त्याचं उत्तर बाईंनी दिलं.

"मी," त्या म्हणाल्या.

ऊर्मिला म्हणाली, "आई, काय बोलतेस?"

"ते चिरलेलं म्हणूनच डिकीत टाकून ठेवलं होतं. गाडीला दोन परदेशी आणि दोन दादांची, अशी चार होती. शर्यतीच्या सकाळी फोटो काढायला माणूस आला. फोटोच्या बाजूला मागं परदेशी चाक, चकचकीत, आणि पुढं दादांचं, काळपट. मी म्हटलं, हे काय दिसतंय. तरुण होते, चार बायका बघायला आलेल्या. मी म्हटलं, फोटोपुरतं डिकीतलं लावा की पुढं. दादा नको म्हणत होते. मी हट्ट केला."

बाई हे सगळं अगदी सपाट आवाजात सांगत होत्या. मी पाटावर बसलो.

"मग फोटोनंतर ते काढलं की नाही, मला ठाऊक नव्हतं. यांना घाटातून वर आणलं तेव्हा दादा म्हणाले, माझं चाक मोडलं. मला बरं वाटलं. नवरा समोर असा पडलेला, आणि मला बरं वाटलं, की ते नव्हे. मग दादांवर इतका राग धरला, इतका धरला, की दुसरा काही विचार येऊच नये. पण रात्री कधी कधी यायचा. अलीकडे दोन मेकॅनिक बोलावून दाखवलं. दोघांनी पोतं नीट उघडलंसुद्धा नाही आणि म्हणाले, टिपुगडेसाहेबांचं. गावातला एक मोटारवाला असा नाही, की ज्याचं दादांशी चांगलं नाही. म्हणून म्हटलं, ज्याला मोटारीतलं काही कळत नाही आणि जो कुणाचं ऐकत नाही असा माणूस बघावा."

तो माणूस मी. सकाळपासून जे कोडं पडलं होतं ते असं सुटलं, आणि सुटल्याचा मला काडीइतका आनंद झाला नाही. मी पुण्याच्या गिऱ्हाइकासाठी दोन चाकं खरी आणि दोन खोटी काढून दिली होती. खोटी दोन्ही धड होती. आणि या बाईच्या पदरात मी काय टाकलं होतं, ते आता मला दिसत होतं.

हिंदुरावांनी घसा खाकरला. त्यांचा राग कुठल्या कुठे गेला होता.

"ऐका ताई," ते म्हणाले. "पोतदारांचं माप बरोबर हाय. चाक परदेशी होतं. मी खोटं बोललो, पण ते माझी चूक झाकायला. तुम्ही म्हटलं फोटोपुरतं लावा. फोटो झाल्यावर जयसिंगनं मला सांगितलं, हिंद्या, ते काढ आणि तुझं बसव. मी व्हय म्हटलं. आणि तिथं चहा पित, लोकांशी बोलत बसलो. विसरलो. तुमचा काय संबंध? काढायचं काम माझं होतं."

ऊर्मिलानं माझ्याकडे बघितलं, जणू हेही मी मोजून सांगणार होतो. मी हिंदुरावांचा चेहरा बघत होतो. त्यावर काही दिसत नव्हतं. मघाशी चाकाबद्दल ज्या ठामपणे बोलत होते त्याच ठामपणे ते हे बोलले होते, आणि मघाचं तर साफ खोटं होतं. पण खरं बोलणारा माणूसही असाच बोलतो. मला एकदा वाटलं, असंच झालं असणार, गडबडीत माणूस विसरतो. आणि लगेच वाटलं, नाही, चिरलेलं चाक लावायला जो नको म्हणत होता तो ते काढायला विसरेल?

बाईंनाही तेच वाटलं असावं. त्या खुर्चीचा हात धरून उठल्या आणि हिंदुरावांच्या समोर जाऊन उभ्या राहिल्या. इतक्या वर्षांत त्या दोघांत एवढं कमी अंतर राहिलं नसेल.

"यांनी काढायला सांगितलं होतं?"

"व्हय."

"आणि तुम्ही विसरलात?"

"व्हय ताई. विसरलो."

"मग माझ्या डोक्यावर हात ठेवून शपथ घ्या," बाई म्हणाल्या, आणि त्यांनी पदर सावरून मान खाली केली.

आमच्याकडे ही शपथ उगीच कुणी घेत नाही. ज्याच्या डोक्यावर हात ठेवायचा, खोटं निघालं तर त्याच्याच जिवावर बेततं, असं लहानपणापासून प्रत्येकाच्या मनात बसलेलं असतं. मी स्वतः फारसं देवधर्म करणारा नाही, पण मुलाच्या डोक्यावर हात ठेवून मी आजवर कधी काही बोललो नाही.

हिंदुरावांनी उजवा हात उचलला. मध्येच तो थांबला. त्यांनी एकदा माझ्याकडे बघितलं, पोत्याकडे बघितलं. मग तो हात बाईंच्या पांढऱ्या केसांवर अलगद टेकवला. आता एका शब्दाचं काम होतं.

"सुखी राहा ताई," ते म्हणाले.

बाईंची मान खालीच होती. त्यांचे खांदे हलायला लागले तशी ऊर्मिला पुढे झाली, पण बाईंनी हातानंच तिला थांबवलं.

"दादा, मी शपथ म्हणाले होते," त्या म्हणाल्या.

"ऐकलं मी," हिंदुराव म्हणाले, आणि हात त्यांनी तिथंच ठेवला.